न वाजणारी शिकारपिशवी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, मी रागावणार नाही. जुनी तर मी आहेच. पण कुणी अडगळ म्हणालं तर मात्र ऐकून घेणार नाही. मी भूर्जाच्या सालीची कोंत्ती आहे. आमच्या उत्तरेकडच्या थंड मुलखात, काइनूच्या जंगलात शिकारीला निघालेला माणूस दिवसभराचं सामान भरून जी पिशवी पाठीला लावतो, ती मी. आजकाल त्या कामाला दुकानातल्या पिशव्या आल्या आहेत. त्यांना इथे खिसा, तिथे खिसा, खिशाच्या पोटात आणखी एक खिसा असतो. मला एकही खिसा नाही. एक पोट, एक झाकण, झाकणाला लाकडी खुंटी आणि खांद्यांसाठी दोन चामडी पट्टे, एवढंच माझं शरीर. अंगावर लोखंडाचा कणसुद्धा नाही आणि त्याचा मला गर्व आहे. गर्वाचं घर खाली असं म्हणतात. माझं घर माणसाच्या पाठीवर, जमिनीपासून चांगलं उंच आहे.

मला एमेली नावाच्या कारागिराने विणलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी भूर्जाच्या झाडात रस चढतो, तेव्हा साल जराशा ओढीनेही सुटून येते. एमेली वर्षभर त्या दिवसांची वाट बघायचा. साल काढायची, तिच्या पट्ट्या कापायच्या, एकीखालून एक घालत तिरप्या विणायच्या आणि वर पुन्हा दुसरा थर घालायचा, असं त्याचं काम चालायचं. विणून झाल्यावर त्याने मला जवसाचं तेल चोळलं, तेव्हा माझा रंग मधासारखा झाला. शेजारच्या ओइवाने त्याचं गवत कापून दिलं होतं, त्या बदल्यात एमेलीने मला ओइवाच्या हातात ठेवलं.

"घे. हिच्यात पाणी शिरणार नाही," एमेली म्हणाला.

ओइवाने मला कानाशी धरून हलवलं. "वाजतही नाही."

"रिकामी आहे म्हणून वाजत नाही. भरायला शीक. पिशवी कधी वाजत नाही बाबा, भरणारा वाजतो."

ओइवा तेव्हा तरुण होता. त्याला हे बोलणं झोंबलं आणि झोंबलं म्हणूनच लक्षात राहिलं.

आमच्याकडची शिकार कशी असते ते सांगते, म्हणजे या वाजण्या-न वाजण्याचं महत्त्व कळेल. मेत्सो हा काळा रानपक्षी आहे, अंगाने कोंबड्याच्या दुपटीहून मोठा आणि स्वभावाने महासंशयी. कुत्रा जंगलात पुढे पळत जातो आणि त्याला हुडकतो. मेत्सो उडून पाइनच्या फांदीवर बसतो. कुत्रा खाली उभा राहून भुंकत राहतो आणि वरचा शहाणा, हे कोण येडं म्हणून त्याच्याकडे टक लावून बघत बसतो. तेवढ्या वेळात शिकाऱ्याने हळूहळू जवळ जायचं. कुत्रा भुंकतोय तोवर पाऊल टाकायचं, तो दमला की आपणही खांबासारखं थांबायचं. अशा वेळी पाठीवरच्या पिशवीत नुसता कप जरी किटलीला लागला, तरी मेत्सो गेलाच म्हणून समजा.

म्हणून ओइवाने मला भरायची एक रीत बसवली. तळाला कोरडे मोजे. पाठीकडच्या बाजूला लोकरीचा स्वेटर, म्हणजे पाठीला काही टोचत नाही. उजवीकडे काळी पडलेली कॉफीची किटली, तिच्या पोटात कॉफीची पुरचुंडी कोंबलेली, म्हणजे झाकण खडखडत नाही. डावीकडे हातकुऱ्हाड, तिच्या पात्याला जाड लोकरी कापड. मध्ये भाकरी, खारवलेलं मांस आणि दोरी. लाकडी कप भाकरीच्या फडक्यात. सगळ्यांत वर पावसाचा अंगरखा, कारण पाऊस आल्यावर तो शोधत बसणारा माणूस भिजतोच. काड्यापेटी मात्र माझ्यात कधी नसायची, ती ओइवाच्या छातीच्या खिशात. तो म्हणायचा, "पिशवी हरवली तर माणूस उपाशी राहील. काड्या हरवल्या तर गारठून मरेल." आणि मारलेला पक्षी कितीही मोठा असला तरी तो गरम असताना माझ्यात घालायचा नाही, मानेला दोरी बांधून बाहेर वाऱ्यावर लटकवायचा. थंड झाला की मगच आत.

ओइवाबरोबर मी किती पानगळी बघितल्या ते मोजलं नाही. शिकारी लोक शेकोटीभोवती जमले की म्हणायचे, "ओइवा कधी येऊन बसतो, पत्ताच लागत नाही." एकदा कुणीतरी त्याला चिडवलं, "तू घरी आलेलं तुझ्या बायकोला तरी कळतं का रे?" ओइवा कॉफीचा घोट घेत म्हणाला, "कळतं की. भाकऱ्या संपल्या की कळतं." सगळे हसले. मी त्याच्या मागे शेवाळावर बसले होते. त्या कौतुकातला अर्धा वाटा माझा आहे, हे मला ठाऊक होतं.

मग ओइवाच्या खुब्याचं हाड झिजलं. डॉक्टरांनी तिथे धातूचा सांधा बसवला आणि हातात दोन कुबड्या दिल्या. अंगणातून सौनापर्यंत, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरापर्यंत, तो जाऊ शकायचा, पण जंगलातल्या दगडांतून आणि दलदलीतून नाही. मला गोदामातल्या खुंटीवर टांगलं. मला वाईट वाटलं, पण माझ्याहून वाईट हाल पोंकूचे झाले.

पोंकू हा ओइवाचा कुत्रा. कोल्ह्यासारखा तांबडा, शेपटी पाठीवर वळलेली, कान कायम उभे. त्याच्या आईने आणि आजीने भुंकून फांदीवर खिळवलेले मेत्सो मी पोटात वाहिले आहेत. पानगळीचे दिवस सुरू झाले, तसा तो रोज सकाळी गोदामात यायचा आणि माझ्याखाली बसून वर बघायचा. मी काही खाली उतरायची नाही. मग तो अंगणात जाऊन दोरीवरच्या चादरीवर भुंकायचा. टपालपेटीवर भुंकायचा. घराच्या धुराड्यावर कावळा बसला तर दुपारपर्यंत भुंकायचा.

ओइवाला ते बघवेना. त्याने कूसामो गावच्या तौनोला फोन केला. तौनो जुना शिकारी, चांगला माणूस, त्याचा कुत्रा म्हातारा होऊन नुकताच गेला होता. रविवारी येऊन पोंकूला घेऊन जातो, असं तो म्हणाला.

ओइवाची मुलगी साइमी त्याच घरात राहायची. शाळेच्या मुलांची गाडी चालवायची. तिला हे कळलं तेव्हा ती जेवणावरून उठली.

"बाबा, विचारलंत का मला?"

"काय विचारायचं त्यात? मेत्सोवर भुंकणारं जनावर चादरीवर भुंकतंय. पाप आहे हे, पोरी."

"मग मी नेते त्याला जंगलात."

"तू?" ओइवाने कुबडी टेबलाला टेकवली. "तू आमच्याबरोबर माणसांची रांग धरून मोठ्या हरणामागे चाललीस, ते वेगळं. कुत्र्यामागे एकटीने जायचं हे वेगळं. तुला चालताना गाणं म्हणायची सवय आहे."

"नाही म्हणणार गाणं."

"लहानपणी पण हेच म्हणायचीस."

साइमी हसली नाही. म्हणाली, "तो गेला तर हे घर कसं होईल, सांगा. तुम्ही खिडकीत बसाल आणि मी तुमच्याकडे बघत बसेन."

ओइवाने टेकवलेली कुबडी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, "त्याच्या भुंकण्याखालून एक मेत्सो आण. रविवारी तौनो यायच्या आत. आणलास तर कुत्रा तुझा. नाही आणलास तर रडायचं नाही."

"रडत नाही मी," साइमी म्हणाली आणि गोदामात येऊन माझ्या झाकणात तोंड घालून रडली. बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. मी आवाज बाहेर जाऊ देत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ रिस्तो शहरातून आला. त्याच्या पाठीला कोरी करकरीत पिशवी होती. तिच्यावर पानांचं चित्र होतं, तिच्यातून नळी निघाली होती आणि नळीतून म्हणे चालता चालता पाणी पिता येतं. त्याने ती टेबलावर ठेवली आणि मलाही आणून शेजारी ठेवलं.

"ताई, तू ही घेऊन जा. आत शिरलेला थेंब बाहेर येत नाही आणि बाहेरचा आत जात नाही."

"माहीत आहे. मागच्या वर्षी गरम मेत्सो आत कोंबून चेन लावली होतीस. वासही बाहेर आला नाही. उघडली तेव्हा सगळा एकदम आला."

"एकदा झालं ते!"

"गाडीला अजून येतो."

ओइवा पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "भांडू नका. पोरी, दोन्ही भर आणि त्या काटेरी झुडपांच्या कडेने चालून दाखव. मी डोळे मिटून बसतो."

साइमी आधी रिस्तोची पिशवी लावून चालली. काटे कापडाला घासले की खर्र, खर्र. नळी हलली की टिक. मध्ये तिने खिसा उघडून बघितला तेव्हा चिकटपट्टीचा जो आवाज झाला, त्याने पोंकूसुद्धा दचकला. ओइवाने डोळे मिटूनच मान हलवली. मग माझी पाळी आली. मी वाळलेली असते तर मीही घासले असते, हे कबूल करते. पण ओइवाने सकाळीच ओल्या फडक्याने मला पुसून मऊ केलं होतं. साइमी झुडपांच्या कडेने गेली आणि परत आली.

"जा की," ओइवा म्हणाला. "निघालीस की नाही?"

"जाऊन आले बाबा."

रिस्तोने आपली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मित्रांनो, त्या दिवशी मी खुंटीवर परत गेले नाही. साइमीच्या खोलीत, दाराजवळ झोपले.

पहिल्या दिवशी ओइवाने मला स्वतःच्या हाताने भरलं. मोजे, स्वेटर, उजवीकडे किटली, डावीकडे कुऱ्हाड, जसं वर्षानुवर्षं चालत आलं होतं तसंच. साइमीने काही बदललं नाही. बापाने लावून दिलेल्या सामानाला हात कसा लावायचा, असं तिला वाटलं असणार. पोंकू माझ्याकडे बघून असा नाचला की त्याचे पाय जमिनीला लागेनात. जंगलात शिरल्यावर थोड्याच वेळात त्याने मेत्सो फांदीवर खिळवला. साइमी नीट चालली, गाणं नाही, घाई नाही. पाइन दिसायला लागला आणि बंदूक हातात घ्यायची म्हणून तिने मला खांद्यावरून थोडं सरकवलं.

साइमी डावखुरी आहे. ओइवा उजवा खांदा हलवायचा, तेव्हा पाठीवर कुऱ्हाडीची मऊ बाजू फिरून यायची. साइमीने डावा खांदा हलवला आणि किटलीची बाजू फिरून आली. बंदुकीच्या दस्त्यावर किटली आपटली. पाइनवरून काळं काहीतरी सुटलं आणि जंगलात दिसेनासं झालं. पोंकू मागे वळून साइमीकडे बघत राहिला.

ती घरी आली तेव्हा ओइवाने तिचे रिकामे हात बघितले. कॉफी ओतली, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्या कपात चीजचे तुकडे टाकले आणि कप पुढे सरकवला.

संध्याकाळी साइमीने मला जमिनीवर ठेवलं आणि पूर्ण रिकामं केलं. मग भरायला घेतलं, पण उलटं! किटली डावीकडे, कुऱ्हाड उजवीकडे. लाकडी कप भाकरीच्या फडक्यातून काढून स्वेटरच्या बाहीत घातला. दोरी वर आणली. मला फार राग आला. एवढी वर्षं जिथे किटली बसली, तिथे माझी साल तिच्या आकाराची झाली आहे. तिथे कुऱ्हाड कशी बसेल? ती तिरपी बसली, मग साइमीने आणखी एक मोजा खाली घातला आणि ती सरळ झाली.

ओइवा दारात येऊन उभा होता. "उलटं भरलंस."

"मी उलटीच आहे बाबा. शाळेत मास्तर माझा डावा हात बांधून ठेवायचे, तेव्हा तुम्हीच जाऊन त्यांना ओरडला होतात."

ओइवाने नाक ओढलं. "ओरडलो नव्हतो. बोललो होतो."

"गावाला ऐकू गेलं होतं."

"बरं, बरं," तो म्हणाला आणि कुबड्या टेकत झोपायला गेला. त्याने परत किटली उजवीकडे ठेवायला सांगितली नाही. माझा राग मात्र सकाळपर्यंत टिकला. चालायला लागल्यावर गेला, कारण साइमीने कितीही खांदा हलवला तरी माझ्या पोटातून चकार शब्द निघाला नाही.

शनिवारी मेत्सो सापडलाच नाही. रविवार उजाडला.

रात्री थंडी पडली होती आणि दिवस चढला तसं स्वच्छ ऊन आलं. अशा दिवशी दगड तापतात. पोंकू उंचवट्यापलीकडे गेला आणि भुंकायला लागला. काय भुंकला त्या दिवशी! सलग, एका चालीत, मध्ये छोटासा दम घेऊन पुन्हा तसंच. साइमी पाऊल टाकायची, थांबायची, पाऊल टाकायची. मला तिच्या पाठीतून तिच्या छातीची धडधड कळत होती. उंचवटा पार झाला. पाइनचा शेंडा दिसला. आणखी थोडं पुढे गेलं की पक्षी बंदुकीच्या टप्प्यात येणार होता आणि पोंकू घरी राहणार होता.

तेवढ्यात भुंकणं थांबलं. एक बारीकसा केकाटल्याचा आवाज आला आणि लगेच भुंकणं पुन्हा सुरू झालं.

साइमी थांबली. भुंकतोय तोवर चालायचं, हे तिला माहीत होतं. ती चालली नाही. मान वाकडी करून ऐकत राहिली.

"हा पक्ष्यावर भुंकत नाहीये," ती हळूच म्हणाली. "हा मला बोलावतोय."

आणि ती पळाली.

मित्रांनो, माझ्या उभ्या आयुष्यात कुणी मला पाठीला लावून जंगलात पळालं नव्हतं. ती दगडांवरून, पडलेल्या झाडांवरून, डबक्यांतून पळत सुटली आणि मी वाजले. किटली कुऱ्हाडीवर आदळली, कुऱ्हाड किटलीवर आदळली, झाकण उसळलं, खुंटी खटखटली. लग्नाच्या वरातीत वाजत नसेल एवढी मी वाजले. पाइनवरून मेत्सो उडाला आणि आमच्या डोक्यावरून इतका खालून गेला की त्याच्या पंखांचा वारा लागला. साइमीने वर बघितलंसुद्धा नाही.

पोंकू झाडाखाली उभा होता. रिकाम्या फांदीकडे बघून अजून भुंकत होता. त्याचं नाक एका बाजूने सुजायला लागलं होतं. शेजारच्या तापलेल्या दगडावरून, पाठीवर नागमोडी पट्टा असलेला साप गवतात सरकला. घोणशीच्या कुळातला तो. त्याचं विष कसं असतं ते आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. चावलेल्या जनावराला एक पाऊलही चालू द्यायचं नाही. चालला की विष अंगभर पळतं. आणि फोनला तिथे रेंज नव्हती.

साइमीने खुंटी उपसली, मला पाठीवरून काढलं आणि सरळ उलटं केलं. किटली, कुऱ्हाड, भाकरी, दोरी, सगळं शेवाळावर सांडलं. स्वेटर तेवढा उचलून तिने तळाला कोंबला आणि पोंकूला दोन्ही हातांनी धरून माझ्यात बसवलं. त्याचं डोकं बाहेर राहिलं. तो थरथरत होता. त्याची नखं माझ्या विणीत रुतली आणि दोन पट्ट्या तटकन तुटल्या. तुटू देत, मी म्हटलं. बंदूक रिकामी करून तिने गळ्यात अडकवली आणि निघाली.

त्या वाटेबद्दल मी जास्त सांगणार नाही. दलदल होती, चढ होता, आणि पोंकू काही कापसाचा नव्हता. साइमी सारखी त्याच्याशी बोलत होती. "हललास तर बघ हं. शहाणा ना तू? चादरीवर भुंकणारा शहाणा." आवाज फाटला की खाकरायची आणि पुन्हा बोलायची. शेवटी बोलायचे शब्द संपले तेव्हा तिने गाणं म्हटलं. मोठ्याने म्हटलं. माझे पट्टे करकरत होते, पण एकही सुटला नाही. मी तेवढं एकच ठरवलं होतं, की सुटायचं नाही.

अंगणात तौनोची गाडी उभी होती. तौनो आणि ओइवा पायरीवर कॉफी पीत बसले होते. गाडीच्या मागे पोंकूसाठी आणलेला पिंजरा दिसत होता. साइमीच्या पाठीवरचं डोकं बघून दोघे उभे राहिले. ओइवा तर कुबड्या विसरून उभा राहिला.

"साप," साइमी म्हणाली.

तौनोने कप पायरीवर ठेवला. "बसा गाडीत. माझीच पुढे आहे."

पोंकूला पिंजऱ्यात घालायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. साइमी मागे बसली, मी तिच्या मांडीवर आणि तो माझ्यात. ओइवा पुढे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून झाला.

"मेत्सो होता?" ओइवाने पुढे बघतच विचारलं.

"होता."

"लांब होता?"

"थोडंच राहिलं होतं."

"मग?"

"पळाले."

ओइवा मागे वळला. "पळालीस? कोंत्ती पाठीला असताना?"

"हो. सगळं जंगल उठवलं मी."

ओइवाने कपाळ चोळलं. मग म्हणाला, "काय ऐकलंस तू?"

"तो थांबला आणि परत सुरू झाला. पण परत सुरू झाला तेव्हा शेवट गिळत होता, बाबा. प्रत्येक भुंकण्याचा शेवट. दुखत असल्यावर माणूस बोलतो ना, तसं."

तौनो गाडी चालवता चालवता बोलला. "मी असतो तर वाटलं असतं, कुत्र्याने दम घेतला. मी पुढे सरकलो असतो."

त्याने गाडीचा वेग वाढवला.

"ओइवा, हा कुत्रा मी नेत नाही," तौनो म्हणाला.

"अट मेत्सोची होती," साइमी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता, पण तिने ते म्हटलं. "मी आणला नाही."

"अट तुम्हा बापलेकीची. माझं मी सांगतोय. ज्याला कुत्र्याची भाषा कळते त्याच्या दारातून कुत्रा न्यायचा नसतो. आता जगू दे बिचाऱ्याला, म्हणजे झालं."

ओइवा काचेबाहेर बघत होता. तसाच म्हणाला, "मीही पुढेच सरकलो असतो, पोरी. पाऊल न वाजवता." मग हात मागे करून त्याने पोंकूच्या कानामागे खाजवलं. "अटच खुळ्यासारखी घातली मी. कुत्रा तुझा आहे."

साइमी तेव्हा रडली आणि या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोंकूला सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली, रात्रभर ठेवून घेतलं. "चालवत आणला असता तर हातात काही राहिलं नसतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "यातून आणलात?" आणि माझ्या विणीवरून एकदा हात फिरवला. मित्रांनो, मी शेकोटीभोवतीची कितीतरी कौतुकं ऐकली आहेत. ती सगळी एका पारड्यात आणि तो हात एका पारड्यात.

पोंकू वाचला. त्याचं नाक चार दिवस बटाट्यासारखं होतं, पण भूक काही कमी झाली नाही. रिस्तो जंगलात जाऊन पाइनखालचं सामान घेऊन आला. "ताई, सगळं मिळालं. भाकरी तेवढी कुणीतरी जेवून गेलंय."

माझ्या तुटलेल्या पट्ट्या ओइवाने स्वतः बदलल्या. त्याने आयुष्यात विणकाम केलं नव्हतं. पायरीवर बसून, शिव्या देत, दोनदा उसवून त्याने त्या घातल्या. मधाच्या रंगात त्या दोन पट्ट्या फिकट दिसतात. येणारा जाणारा विचारतो, हे काय झालं? आणि मग साइमी पहिल्यापासून सगळं सांगते. मला ते परत परत ऐकायला आवडतं.

आता तुमच्याशी दोन शब्द बोलते. तुमच्या घरी पिशव्या असतील, शाळेच्या, प्रवासाच्या, बाजाराच्या. त्यांना ओल्या तशाच कोंडून ठेवू नका, फार उन्हात वा चुलीजवळ टांगू नका आणि एखादा टाका सुटला म्हणून फेकून देऊ नका. दुसऱ्याने भरून दिलेली पिशवी असेल तर तिला एकदा आपल्या हाताने भरून बघा. जे लागतं ते जवळ ठेवा, जे वाजतं ते मऊ कापडात गुंडाळा. पण मित्रांनो, ती अशी भरा की वेळ आली तर एका झटक्यात उलटी करून रिकामी करता येईल. आत जीव ठेवायची वेळ आली, तर जागा झाली पाहिजे.